सीव्ही पाठवू की रेझ्युमे? कॅनडा आणि जर्मनी दोन्हीकडे अर्ज टाकताय तर आधी हे वाचा

तुम्ही विचारलंय की फार्मा कंपनीच्या लॅबमध्ये क्वालिटी कंट्रोलला ६ वर्षं झालीत, कॅनडा आणि जर्मनी दोन्हीकडे अर्ज टाकायचेत, जमलं तर पीएचडीचं पण बघायचंय, आणि काही जाहिरातींत सीव्ही मागतात काहींत रेझ्युमे, तर ताई नक्की काय पाठवू. मी २०१५ ला जर्मनीत आले, तिथे ४ वर्षं काढली, २०१९ पासून कॅनडात आहे, दोन्हीकडे शून्यापासून नोकरी शोधलीय आणि आता आमच्या लॅबसाठी येणारे अर्ज चाळायचं कामही माझ्याकडे असतं. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे त्या दोन शब्दांवर फार अडकू नका, कारण एकच शब्द दोन देशांत वेगळ्या गोष्टीला वापरतात. सीव्ही म्हणजे करिक्युलम व्हिटे, लॅटिन शब्द, आयुष्याचा प्रवास असा काहीसा अर्थ. रेझ्युमे फ्रेंच, त्याचा अर्थच सारांश. अमेरिकेत आणि कॅनडात हा फरक बऱ्यापैकी पाळतात, कंपनीतल्या नोकरीला एक-दोन पानांचा रेझ्युमे, आणि विद्यापीठ, संशोधन, वैद्यकीय क्षेत्र असेल तर सीव्ही, ज्यात पेपर, कॉन्फरन्स, शिकवण्याचा अनुभव, ग्रँट सगळं येतं आणि तो कितीही पानं होऊ शकतो. पण ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंडमध्ये साध्या नोकरीच्या दोन पानी कागदालाच सीव्ही म्हणतात. ऑस्ट्रेलियात दोन्ही शब्द सर्रास चालतात. कॅनडातच क्युबेकमध्ये गेलात तर फ्रेंच बोलणारी कंपनी सीव्ही मागेल आणि तिला हवा असेल तो रेझ्युमेच. म्हणून जाहिरातीत कुठला शब्द आहे त्यापेक्षा जाहिरात कुठल्या देशातली आहे आणि वाचणारा कंपनीतला आहे की प्रोफेसर, हे बघा.

तुमच्या बाबतीत मग पाठवायच्या तीन वेगळ्या फाइल होतात, कॅनडाचा रेझ्युमे, जर्मनीचा आणि पीएचडीचा सीव्ही. घाबरू नका, काम तेवढं नाहीये, फक्त क्रम बरोबर पाहिजे.

आधी एक मोठी फाइल फक्त स्वतःसाठी बनवा, ती कोणालाच पाठवायची नाही. त्यात सगळं टाका, प्रत्येक नोकरीची सुरुवात आणि शेवट महिन्यासकट, कुठली उपकरणं चालवली, कुठल्या ऑडिटला होतात, ट्रेनिंग, मधे घरी बसलेले महिने, सगळं. याला मी इतकं महत्त्व का देतेय तर कॅनडात पीआरचा, म्हणजे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज भराल तेव्हा ते मागच्या १० वर्षांचा इतिहास मागतात, एकही महिना रिकामा सोडून चालत नाही, आणि कामाचा पुरावा म्हणून कंपनीच्या लेटरहेडवर हुद्दा, कामं, आठवड्याचे तास, पगार असं सगळं असलेलं पत्र लागतं. रेझ्युमेत एखादी जुनी नोकरी गाळली तर कोणी काही म्हणत नाही, पण रेझ्युमेत २०१९ ते २०२२ आणि त्या पत्रात २०२० ते २०२२, असं झालं की उत्तर द्यायला तुम्ही बसणार. आणि इमिग्रेशनच्या अर्जात चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडात ५ वर्षं बंदी येते. त्यामुळे तारखा एकदाच नीट, अपॉइंटमेंट लेटर आणि रिलीव्हिंग लेटर समोर ठेवून लिहा, आठवणीवर नको. बाकी सगळ्या फाइल त्यातूनच कापायच्या.

आता कॅनडाचा रेझ्युमे. दोन पानं, बास. फोटो नको, जन्मतारीख नको, लग्न झालंय का, धर्म, पासपोर्ट नंबर, आईवडिलांची नावं यातलं काहीही नको. ते लिहिलं तर चांगलं दिसेल असं वाटतं, पण इथे वय, धर्म, वैवाहिक स्थिती यावरून भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे आणि कंपनीला ती माहिती आपल्याकडे आलेलीच नको असते. खाली सही करून वरील माहिती खरी आहे असंही लिहायची गरज नाही. पानाचा आकार लेटर ठेवा, ए४ नाही. तारखेत महिना अक्षरात लिहा, कारण ०३/०४ म्हणजे कोणाला मार्च वाटेल कोणाला एप्रिल.

आणि मजकूर, इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. माझ्याकडे दहातले आठ अर्ज असे येतात की कामाखाली लिहिलेलं असतं, सॅम्पल टेस्टिंगची जबाबदारी, डॉक्युमेंटेशनची जबाबदारी, टीमबरोबर समन्वय. हे वाचून मला काहीही कळत नाही, क्वालिटी कंट्रोलमधला प्रत्येक माणूस हेच करतो. त्याऐवजी असं लिहा की आठवड्याला साधारण इतके सॅम्पल एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर, चालवत होते, गोळ्यांचं डिझोल्यूशन, म्हणजे गोळी किती विरघळते ते, आणि ॲसे, म्हणजे मुख्य औषधाचं प्रमाण, तपासत होते, इतक्या ओओएस, म्हणजे निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्याच्या, तपासण्या स्वतः लिहून बंद केल्या, अमुक मेथडचं व्हॅलिडेशन, म्हणजे ती पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करणं, केलं, तमुक देशाच्या नियामकाचं ऑडिट आलं तेव्हा लॅबच्या बाजूने मी होते. आकडा खरा असेल तोच लिहा, मुलाखतीत त्याच आकड्यावर प्रश्न येतो, मी स्वतः विचारते. जाहिरातीतले शब्दही बघा, त्यांनी स्टॅबिलिटी स्टडी, म्हणजे औषध किती काळ टिकतं याचा अभ्यास, म्हटलं असेल आणि तुम्ही ते केलं असेल तर तोच शब्द वापरा.

कॅनडाचा अनुभव नाही म्हणून कचरू नका. ओंटारिओत तर १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला जाहिरातीत कॅनडाच्या अनुभवाची अट घालता येत नाही. पण वर्क परमिटचं काय ते स्पष्ट एका ओळीत लिहा, परमिट आहे किंवा लागेल, लपवून काही मिळत नाही, तिसऱ्या फेरीत कळण्यापेक्षा आधी कळलेलं सगळ्यांनाच बरं.

एक गोष्ट माझ्या बाबतीत घडलेली सांगते कारण ती कोणीच सांगत नाही. कॅनडात आल्यावर मी एका वेबसाइटवरून सुंदर टेम्प्लेट घेतलं होतं, डावीकडे निळा पट्टा, त्यात स्किल्स, उजवीकडे नोकऱ्या, आणि नाव-फोन-ईमेल वर हेडरमध्ये. चार महिने अर्ज टाकले, चाळीसएक असतील, एकही फोन नाही. रोज रात्री वाटायचं आपल्यातच काहीतरी कमी आहे. मग एका ओळखीच्या बाईंनी, त्या एचआरमध्ये होत्या, मला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या ही फाइल उघड, सगळं सिलेक्ट कर, कॉपी कर आणि नोटपॅडमध्ये पेस्ट कर. केलं, तर पहिल्या ओळीत नाव नव्हतंच. फोन नाही, ईमेल नाही, हेडरमधलं काहीच आलं नाही. त्याखाली दोन कॉलम एकमेकांत घुसलेले, सिनियर ॲनालिस्ट, एक्सेल, मे २०१६, जर्मन बी२, असं एका ओळीत. मी गप्पच बसले. बऱ्याच कंपन्या अर्ज आधी एटीएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतात आणि ते असंच नुसता मजकूर उचलतं, म्हणजे माझा अर्ज चांगला की वाईट हा प्रश्नच नंतरचा होता, मला फोन करायला नंबरच नव्हता. त्याच रात्री एक कॉलम, साधा फॉन्ट, नाव-नंबर पानाच्या मुख्य भागात असं करून बसले, आणि तीन आठवड्यांत पहिली मुलाखत आली. तर पाठवायच्या आधी ही नोटपॅडची चाचणी कराच, दोन मिनिटांचं काम आहे.

जर्मनीचं जग वेगळं आहे. तिथे सीव्हीला लेबेन्सलाउफ म्हणतात, तारखा डावीकडे आणि माहिती उजवीकडे असा नीट मांडलेला, अलीकडचं काम सगळ्यात वर, आणि शेवटी गाव, तारीख, सही अशी जुनी पद्धत आहे जी अजून बरेच जण पाळतात. फोटोची सक्ती नाही, २००६ मध्ये भेदभावविरोधी कायदा आला तेव्हापासून कंपनी तो मागायचं टाळते, पण लावणारे भरपूर लावतात. मी लावला होता, स्टुडिओत काढलेला, तुम्ही नाही लावला तरी काही बिघडत नाही. मधल्या रिकाम्या महिन्यांवर मात्र तिथे हमखास बोट ठेवतात, तेव्हा कोर्स केला, घरी आजारपण होतं, जे असेल ते एका ओळीत लिहून टाका. भाषेपुढे नुसतं चांगली असं नको, ए१ ते सी२ या युरोपच्या भाषापातळ्यांमधली, ए१ सगळ्यात खालची, जी असेल ती लिहा. आणि नुसता लेबेन्सलाउफ पाठवून भागत नाही, सोबत अर्जाचं पत्र आणि डिग्री, मार्कशीट, आधीच्या कंपन्यांची पत्रं असं सगळं एका पीडीएफमध्ये जोडतात. तुमचं विद्यापीठ ॲनाबिन नावाच्या, परदेशी विद्यापीठांच्या जर्मन डेटाबेसमध्ये एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, दाखवतंय का तेही आत्ताच बघून ठेवा, व्हिसाच्या वेळी लागतं. युरोपासचा फॉर्मॅट पण आहे, युरोपियन युनियनचा, फुकट, आणि काही सरकारी किंवा युरोपियन निधीवरच्या जागांना तोच मागतात, तेव्हा जरूर वापरा, पण खाजगी कंपनीला मी तो पाठवणार नाही, लांबत जातो आणि सगळ्यांचे सारखेच दिसतात.

पीएचडीला मात्र खरा सीव्ही, दोन्ही देशांत. तिथे शिक्षण सगळ्यात वर, मग थीसिसचा विषय आणि गाईड, पेपर, पोस्टर, लॅबमधली तंत्रं, रेफरन्स देणाऱ्यांची नावं त्यांना विचारून. पानं मोजू नका. मार्क जसे मिळाले तसेच लिहा, स्वतः हिशोब करून जीपीए बनवू नका.

मोठी फाइल या शनिवार-रविवारी काढायला घ्या, मग कॅनडाचा रेझ्युमे आधी करा कारण तो कापायला सगळ्यात अवघड. झाला की नाव-नंबर काढून मला पाठवा, मी बघते.