बायक्रोमेट का डायक्रोमेट?

ताई, तुमचा भाचा वाळूजला प्लेटिंगच्या शॉपवर लागलाय, तिथं पोत्यावर 'सोडियम बायक्रोमेट' लिहिलेलं आणि त्याच्या बारावीच्या पुस्तकात 'डायक्रोमेट', तर बरोबर कोणतं असं विचारलंत. दोन्ही एकच माल आहे हो, मोजायची पद्धत तेवढी वेगळी.

'डाय' सोपंय, क्रोमियमचे अणू दोन. 'बाय' म्हणजे पण दोनच, पण दोन काय ते बघा, कारण खायच्या सोड्याला बायकार्बोनेट म्हणतात आणि त्यात कार्बन तर एकच असतो, म्हणजे अणू मोजून हे नाव पडलेलंच नाही. जुने लोक क्षारात आम्लाचा वाटा किती ते बघायचे. साध्या क्रोमेटमधे जेवढ्या सोड्यामागं (म्हणजे सोडियममागं) आम्लाचा एक वाटा, तेवढ्याच सोड्यामागं इथं दोन, झालं 'बाय'. धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा यांचंही असंच. क्रोमेटच्या पिवळ्या पाण्यात आम्ल टाकलं की नारिंगी होतं, कॉस्टिक सोडा टाकला की परत पिवळं, ही गंमत त्या जुन्या नावात दिसते म्हणून मला तेच आवडतं. पेपरात मात्र डायच लिहायचं!

आणि मुळात 'क्रोमा' म्हणजे ग्रीकमधे रंग, हे क्षार रंगीबेरंगी म्हणून १७९७ साली सापडलेल्या धातूला ते नाव दिलं. आपल्याकडं क्रोम म्हणलं की गाडीचा चकचकीत सायलेन्सर. त्या प्लेटिंगचं क्रोमिक ॲसिड याच नारिंगी मालापासून करतात, नटबोल्टचं यलो पॅसिव्हेशन, म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताच्या मुलाम्यावर दिलेला पिवळसर थर, पण यातूनच व्हायचं. कातडं कमवायला आधी तरवडाची साल होती, आता बहुतेक जागी क्रोमचा क्षार वापरायलेत, तोही याच्यापासूनच बनतो पण तो हिरवा, 'ट्राय' (इथं अणू नाही मोजायचे, क्रोमियमची संयुजा तीन), बराच कमी विषारी.

पोत्यातला माल मात्र 'हेक्झा', म्हणजे संयुजा सहावाला, आहे आणि भाच्यानं बाय-डायपेक्षा हा शब्द ध्यानात ठेवावा. कातडीवर राहिला तर खोल जखमा होतात, लवकर भरत नाहीत, धूळ नाकात जात राहिली तर नाकाच्या पडद्याला भोक पडतं, फुफ्फुसाच्या कॅन्सरचं तर सिद्धच झालंय. नुसता रुमाल बांधून भागत नाही. सोडियमवाला हवेतलं पाणी ओढतो, पोतं उघडं टाकू नका म्हणावं, आणि जमिनीवर सांडला तर लाकडाचा भुसा टाकून झाडायचं नाही, भुसा पेट घेऊ शकतो.