दही लावूनही चिकन कोरडं का?

प्रश्न : मावशी, रविवारी पाहुणे येणार होते, म्हणून शनिवारी रात्रीच एक किलो चिकनला दोन लिंबं पिळली. वाटीभर दही, आलं-लसूण, हळद लावून फ्रीजमध्ये ठेवलं. मीठ-चटणी परतताना घातली. तुकडे वरून भुसभुशीत आणि आत कोरडे झाले. थोडं दही रश्श्यात ओतलं, तेही फाटलं. सासूबाई म्हणतात, गावरान कोंबडीला दही लागतच नाही. माझं काय चुकलं?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अगं, मंगळवार पेठेत नवा संसार मांडला तेव्हा मीही अशीच रात्रभर लिंबात ठेवलेली कोंबडी केली होती. पाहुण्यांनी ताटात बाजूला सारलेले तुकडे अजून डोळ्यांपुढे आहेत. म्हणून जरा सविस्तर सांगते.

दह्याला दोष देऊ नकोस. लिंबाच्या रसाचा पीएच साधारण 2 ते 2.5, दह्याचा 4 ते 4.5. हा आकडा एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, म्हणजे लिंबू दह्यापेक्षा शंभरेक पट जहाल. त्यानं वरच्या थरातली प्रथिनं आच न लागताच आवळतात. लिंबू पिळल्यावर तुकडा पांढरट दिसतो तो म्हणूनच. रात्रभरात त्या थराची पार रया जाते, आणि आंबटपणा आत मात्र फारसा शिरतच नाही.

आतवर जातं ते मीठ, आणि तेच तू मागे ठेवलंस! मिठामुळे मांसातली प्रथिनं सैल होतात आणि शिजताना पाणी धरून ठेवतात. खरी चूक ही. किलोभर चिकनला सपाट दोन चहाचे चमचे मीठ आधी चोळ, अर्ध्या तासानं दही लाव. आपल्याकडचं म्हशीच्या दुधाचं घट्ट दही असेल तर उत्तम. पातळ असेल तर फडक्यात तासभर टांगून ठेव, नाहीतर मसाला तुकड्याला न चिकटता भांड्याच्या तळाशी बसतो. दह्यात चार ते आठ तास पुरे, रात्रभर राहिलं तरी बिघडत नाही. लिंबू मात्र अर्धंच, तेही शिजवायच्या अर्धा तास आधी. मी तर ते ताटातच पिळते. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घे. आंबट पदार्थ अॅल्युमिनियममध्ये ठेवू नये.

दही फाटलं, कारण गार दही उकळत्या रश्श्यात पडलं. दही बाहेर काढून त्याचा गारवा जाऊ दे, चमचाभर बेसन घालून घोट, आच मंद कर आणि थोडं थोडं घालत ढवळत राहा. पण कच्च्या कोंबडीला लावलेलं दही उरलं असेल, तर ते रश्श्यात पडल्यावर चांगली उकळी यायलाच हवी. शिजलेल्या तुकड्यांवर ते कधीच ओतू नकोस. आणि माझं मत विचारशील तर तांबड्या रश्श्यात दही घालूच नये. सुक्या चिकनला ते शोभतं. तांबड्याला भाजलेलं खोबरं, तीळ आणि आपली कांदा-लसूण चटणी पुरते.

सासूबाईंचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. बाजारातली ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांची असते, म्हणून मऊच असते. गावरान कोंबडी कितीतरी महिने हिंडलेली, तिच्या स्नायूंना जोडणारे धागे चिवट झालेले. ते दह्यानं सुटत नाहीत, मंद आचेवर पाण्यात विरघळतात. हळद, मीठ, आलं-लसूण लावून थोड्या तेलात परत, गरम पाणी ओत, झाकण ठेव आणि दीड-दोन तास धीर धर. मांस हाडापासून सुटायला लागलं की झालं.

त्या पाण्याची जी अळणी, म्हणजे बिनतिखटाचा साधा रस्सा, निघेल ती टाकू नकोस. तिच्यातच नारळाचं दूध, खसखस आणि काजूचं वाटण घालून पांढरा रस्सा कर, आणि पहिली वाटी सासूबाईंच्या हातात दे.