पाहुणा कलाकार म्हणून नाशिकच्या छोट्या चित्रकला महाविद्यालयात पंधरा दिवस काय शिकवावं?

स्लाइड शो पहिल्याच दिवशी उरकून टाका. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मुलांना गोदाघाटावर न्या. नारोशंकराच्या देवळाचा काळा दगड निव्वळ काळ्या रंगाने मरतो. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून बघायला सांगा. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय ते रोज स्केचबुकात टिपा, पावसाळ्यात यासारखा विषय नाही. तेव्हा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, लवकर वाळत नाही, चिडचिड होते, होऊ द्या.

मुलांची चित्रं स्वतःच्या ब्रशने दुरुस्त करू नका. मी एकदा केली, पुढचे चार दिवस सगळे माझ्यासारखंच रंगवत बसले! आणि मानधन, कागदाचा खर्च, राहण्याची सोय आधीच लेखी घ्या. माझे प्रवासाचे पैसे अजून ‘बघू’वरच आहेत.