स्कीइंगमधले जगज्जेते ध्यान-मसाजने बरे होतात, मग माझ्या भाचीला एसीएलचं ऑपरेशन कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाची कबड्डी खेळते, चढाईत वळताना गुडघा गेला, एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे मांडी आणि नडगीच्या हाडांना गुडघ्यात बांधून ठेवणारा पट्टा (लिगामेंट), पूर्ण तुटल्याचं आलं. घरात कुणीतरी मोबाइलवर दाखवलं की बर्फावरचे मोठे खेळाडू ध्यान, श्वसन, मसाज असल्या ‘होलिस्टिक हीलिंग’वर उभे राहतात आणि वर दानधर्मही करतात. मग ऑपरेशन टाळता येईल का, आणि ते दान खरं की जाहिरात?

मी सोलापुरात फिजिओथेरपी करते. माझ्याकडे एसीएलचे पेशंट म्हणजे बहुतेक कबड्डी आणि खो-खोच्या पोरी-पोरं. स्कीइंगच्या शर्यती मी पाहायला लागले त्या गुडघ्यांमुळेच, कारण दुखापत तीच आहे. पाय एका जागी रुतलेला, अंग मात्र वळतं, गुडघा आत कलतो आणि कट्‌कन आवाज येतो. भाचीला विचारा, तिलाही ऐकू आला असेल.

तिला पुन्हा चढाईला जायचं असेल तर नुसत्या मालिश-ध्यानावर भागणार नाही. हे लिगामेंट सांध्याच्या आत, वंगणासारख्या द्रवात असतं. रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे तुटलेली टोकं आपण होऊन नीट जुळतील यावर खेळाडूने विसंबू नये. खेळ सोडून साधं चालणं-फिरणं एवढंच हवं असेल, तर कित्येकांचं नुसत्या व्यायामावर निभावतं. पण वळणं, उड्या, पकडी असलेल्या खेळात गुडघा पुन्हा पुन्हा सटकतो आणि दर वेळी आतली गादी झिजते.

आता ते जगज्जेते. अमेरिकेची लिंडसे व्हॉन २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये डाउनहिलची (सगळ्यांत वेगवान उताराची शर्यत) विजेती. २०१३ मध्ये ऑस्ट्रियात श्लाडमिंगला पडली तेव्हा एसीएल, आतल्या बाजूचं लिगामेंट आणि नडगीचं हाड एकदमच गेलं. पुढे २०२४ मध्ये उजव्या गुडघ्यात अर्धा कृत्रिम सांधा बसवून घेतला आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी, वर्ल्ड कपच्या (दर हंगामात होणारी शर्यतींची मालिका) शर्यतीत दुसरी आली. यात शस्त्रक्रिया कुठेच वगळलेली नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओत तेवढा भाग नसतो, आणि याचा मला खरोखर राग येतो.

तरीही ध्यान-श्वसन म्हणजे थोतांड, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेचीच स्कीपटू मिकेला शिफ्रीनचं बघा. वडील भूलतज्ज्ञ, आई नर्स. २०१४ ला सोचीत १८ व्या वर्षी स्लालमचं (दांड्यांमधून झटपट वळणं घेत उतरायची शर्यत) सुवर्ण. ३० नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेत किलिंग्टनच्या जायंट स्लालममध्ये (स्लालमपेक्षा वेगवान, लांब वळणांची शर्यत), शंभरावा वर्ल्ड कप विजय समोर दिसत असताना ती पडली आणि पोटाच्या कडेला खोल जखम झाली. जखम भरली, जानेवारीअखेर ती परतलीही. पण जायंट स्लालमची धास्ती मनातून हटेना. फेब्रुवारीतल्या जागतिक स्पर्धेत त्या प्रकारातलं स्वतःचं विजेतेपद राखायला ती उतरलीच नाही. हा अपघातानंतरचा मानसिक आघात आहे हे तिने उघड सांगितलं, मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली. २३ फेब्रुवारी २०२५ ला इटलीत सेस्ट्रिएरेला, स्लालममध्ये, शंभरावा विजय आला.

हे मी रोज पाहते. मांडीत ताकद भरून येते, चाचण्या पास होतात, तरी पोरगी मॅटवर त्या पायावर वळत नाही. तिथे मनाचं काम लागतं. स्कीइंगवाल्यांना डाउनहिल सोडून बाकी शर्यतींच्या वाटेवर आधी सराव करू देत नाहीत, कडेने घसरत फक्त पाहून घ्यायचं. मग वर, सुरुवातीच्या जागी, ते डोळे मिटून उभे राहतात आणि हाताचा पंजा डावीकडे-उजवीकडे वळवत सगळी वाट मनातल्या मनात उतरतात. भाचीलाही असंच करायला सांगा: डोळे मिटून आपलीच चढाई, पाऊल न् पाऊल. दम धरायचं शिक्षण तिला कबड्डीने दिलेलंच आहे. आणि झोप! शिफ्रीन दुपारच्या झोपेसाठी प्रसिद्ध आहे. रात्री एकपर्यंत मोबाइल पाहणाऱ्या मुलीला मी आधी झोप सुधारायला लावते, व्यायाम त्यानंतर.

दानाबद्दल. शिफ्रीनचे वडील २०२० मध्ये अचानक गेले. त्याच वर्षी अमेरिकन स्की खेळाडूंना आधार देणारा निधी त्यांच्या नावाने उभा राहिला. शंभराव्या विजयाच्या निमित्ताने तिने शेअर विंटर फाउंडेशनसाठी पैसे उभे केले. ज्यांना बर्फावर जाणं परवडत नाही अशा मुलांना ही संस्था स्कीइंग शिकायची संधी देते. यात प्रसिद्धी आहेच. पण आपल्याकडे अन्नदानाच्या पावतीवरही नाव असतं, म्हणून जेवणारा उपाशी राहत नाही. मला त्यातलं आवडतं ते हे की जो खेळ किती महाग पडतो हे तिला आतून माहीत आहे, तिथेच तिने पैसा लावला.

आमच्या दवाखान्यातही एका कोपऱ्यात कुबड्या, वॉकर, गुडघ्याचे ब्रेस असतात. बरी झालेली माणसं ठेवून जातात, पुढची घेऊन जातात. एका ब्रेसच्या पट्ट्यावर कुणीतरी बॉलपेनने आपल्या संघाचं नाव लिहिलंय. तुमच्या भागात अशी सोय असेल तर नवा ब्रेस घ्यायच्या आधी चौकशी करा.

आता भाचीसाठी. सुजलेला गुडघा हाडवैद्याला चोळू-ओढू देऊ नका. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत सूज उतरवणं आणि पाय पूर्ण सरळ करणं यावर भर द्या. सोलापुरी टॉवेलची घट्ट गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं, दिवसातून अनेकदा. दुखणं वाढलं तर थांबून फिजिओला दाखवा. सर्जनला विचारा, गादीलाही इजा आहे का, असेल तर ती शिवणार की काढणार; त्यावर पुढचे सहा आठवडे ठरतात. आणि ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत तिला सामन्यात उतरवू नका, कोच कितीही मागे लागले तरी. लवकर परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायचा धोका बराच जास्त असतो.