गाडीच्या मूळ स्पीकरमध्ये ढोलकीचा ठोका दबतो. कोणते स्पीकर बसवू?

पुढच्या दारांत ६.५ इंची कंपोनंट स्पीकर घ्या, म्हणजे जाड आणि बारीक आवाजाचे स्पीकर वेगळे असलेला संच. मागच्या सीटवर कुणी फारसं बसत नसेल, तर तिकडे पैसे घालूच नका. खोक्यावरचे ३०० वॉट विसरा, आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत पेलतो ते वॉट, बघा. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर स्टिरिओकडून चॅनलला १५-२० वॉटच खरे मिळतात. म्हणून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये किती मोठा आवाज निघतो ते माप, ९० डेसिबलच्या पुढची हवी.

पण ठोका, म्हणजे साधारण ८० ते २५० हर्ट्झ, निम्मा दारावरच ठरतो. आतल्या पत्र्याची भोकं बुजवून थरथर दाबणारी डॅम्पिंग शीट लावा, नाहीतर स्पीकरच्या पडद्यामागचा आवाज पुढच्याला खातो. काच पूर्ण खाली करून दाराच्या आतली खोली मोजा; नाहीतर स्पीकरचा मॅग्नेट काचेला अडतो. बसवल्यावरही ठोका पोकळच वाटला, तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या जोडल्यात का ते आधी तपासा.