इंग्लिश राजेरजवाड्यांच्या गंभीर सिनेमांची थट्टा करणारा चांगला चित्रपट कोणता?
'कॅरी ऑन हेन्री' (१९७१). आठवा हेन्री, म्हणजे सिड जेम्स, नवी राणी करतो आणि लगेच कळतं की बाईसाहेबांना लसूण जीव की प्राण, याला तर वासही सोसत नाही! झालं, राजा सुटकेच्या मागे. सुरुवातीची पाटी सांगते, कुणा विल्यम कॉब्लरचं हस्तलिखित सापडलंय आणि राजाला सहावर आणखी दोन बायका होत्या (अर्थात थाप).

गंमत कपड्यांत आहे. सिड जेम्सचा झगा याच राजावरच्या गंभीर सिनेमात, 'ॲन ऑफ द थाउजंड डेज'मध्ये (१९६९), रिचर्ड बर्टननं वापरलेला. त्या सिनेमाला वेशभूषेचं ऑस्कर मिळालं होतं. त्या भारदस्त झग्यात हा माणूस खी-खी हसतो, तिथेच अर्धं काम होतं. विनोद मात्र चावट. आईवडिलांसोबत बघू नका.