दिवस खाड्यांनी मोज

प्रिय मित्रा,

तुझा आराखडा दोनदा वाचला. पाच दिवसांची रजा, रोज 110 किलोमीटर, मुंबई ते गोवा. आणि शेवटी तुझा प्रश्न: हायवे धरून गोवा गाठू, की किनाऱ्याने जाऊन मध्येच कुठेतरी सोडून देऊ? ते ‘सोडून देऊ’ मला टोचलं, म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे. गुहागरला पोचून थांबलास तर तू काय सोडून दिलंस? तुला समुद्राच्या काठाने सायकल चालवायची होती ना? गोव्याचा फलक हा त्यात आला कुठून?

हायवेचं आधी संपवते. 66 क्रमांकाचा महामार्ग पेण, महाड, चिपळूण, संगमेश्वर, कणकवली असा आतून जातो. कशेडी, परशुराम असे घाट, ट्रेलर, कामं, धूळ. समुद्र दिसतच नाही. तो रस्ता गाडीवाल्यांना असू दे.

आता मुख्य गोष्ट, आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कोकणात दिवस किलोमीटरने मोजू नकोस, खाड्यांनी मोज. सह्याद्रीतून उतरलेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी करते, आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, असतो, कुठे 80 मीटर उंच, कुठे दीडशेच्याही वर. रस्ता जेट्टीपासून उठतो, सड्यावर चढतो, पुढच्या गावाला समुद्रसपाटीवर उतरतो, पुन्हा चढतो. म्हणजे एक खाडी म्हणजे एक उतार, जेट्टीवरचा खोळंबा आणि लगेच एक उभा चढ, तोही पाय गार पडल्यावर. तुझ्या 110 किलोमीटरच्या दिवसात अशा चार-पाच खाड्या आल्या की दुपारी तीनला तू रस्त्याकडेला बसलेला असशील आणि तुला वाटेल की आपल्यातच दम नाही. दम आहे. हिशेब चुकलाय.

दिवसाला दोन खाड्या. जास्त नाही. पूल असला तरी ती खाडीच धर.

तुझे पाच दिवस असे मांड. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्या नेणारी बोट) घे, सायकल चढवता येते. अलिबागपर्यंत साधारण 20 किलोमीटर, मग नागाव, चौल, रेवदंडा. हा पट्टा वाड्यांचा आहे. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना गडगे, आणि शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग. म्हणून सोमवारी नीघ. रेवदंड्याचा पूल ओलांडलास की साळाव, कोर्लई, काशीद, मुरूड. एक खाडी, 70 च्या आत किलोमीटर. पहिल्या दिवसाला पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी मुरूड ते आगरदांडा, तिथून जंगल जेट्टीने (गाड्या नेणारी फेरीबोट, तिलाच नुसती जेट्टीही म्हणतात) राजपुरीची खाडी ओलांडून दिघी, मग दिवेआगर. हा दिवस तुला लाजिरवाणा छोटा वाटेल, जेमतेम 30 किलोमीटर. त्यात श्रीवर्धन जोडायचा मोह होईल. जोडू नकोस, आणि का ते ऐक. दिवेआगर–भरडखोल–शेखाडी–आरावी–श्रीवर्धन हा रस्ता समुद्राला चिकटून जातो. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला पाणी. सकाळी डोंगराची सावली रस्त्यावर असते. दुपारी त्याच रस्त्यावर समोरून ऊन, पाण्यावरून परतलेलं ऊन आणि कातळाची धग. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने या भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नवी लावलेली झाडं वाढायला वेळ लागतो, तेव्हा सावलीचा भरवसा धरू नकोस. अख्ख्या किनाऱ्यावरचा मला सर्वांत प्रिय असलेला हा तुकडा तू दुपारी एक वाजता, मान खाली घालून, मीटरकडे बघत काढावास हे मला सहन होणार नाही. दिवेआगरला राहा. सकाळी साडेसहाला उजेडायला लागलं की नीघ.

तिसरा दिवस: शेखाडीवरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला. तिथे जेट्टीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी, आणि मुक्कामाला वेळास. कासवांमुळे तिथे घरगुती राहण्याची सोय उभी राहिली आहे. फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं समुद्रात सोडण्याचा काळ, तेव्हा खोली आधी सांगून ठेवावी लागते. चौथ्या दिवशी भारजेची खाडी, केळशी, मग आंजर्ल्याला जोग नदीची खाडी आणि हर्णे. दोन खाड्या, चढ खडे. किलोमीटर कमी दिसतील, फसू नकोस. पाचव्या दिवशी कर्दे, लाडघर, बुरोंडी, दाभोळ, तिथून वाशिष्ठीची जेट्टी, धोपावे, गुहागर. शनिवारी शृंगारतळी, मार्गताम्हाण्यावरून चिपळूण, साधारण 45 किलोमीटर, आणि रेल्वेने घरी. तवसाळ–जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे पुढच्या खेपेला. ते कुठे पळून जात नाहीत.

नकाशात शोधताना एक जप. मुरूड दोन आहेत: जंजिऱ्याजवळचं आणि हर्णेजवळचं, महर्षी कर्व्यांचं. वेळासही दोन आहेत, एक दिवेआगरजवळ आणि एक बाणकोटच्या बाजूला. गावाबरोबर तालुका किंवा जिल्हा टाकून शोध: पहिल्या मुक्कामाच्या मुरूडला रायगड, वेळासला मंडणगड. मोबाईलवरचा मार्ग डोळे मिटून धरलास तर कधी तो तुला आत हायवेवर नेईल, कधी कुणाच्या वाडीच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, उभं करील. आदल्या रात्री चढाचा आलेख उघड आणि त्यातल्या दऱ्या मोज. शून्याला टेकलेली प्रत्येक दरी बहुतेक एक खाडी असते.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेव. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात, ते हलके असतात. साडेअकरा-बारानंतर खारे वारे सुरू होतात, बहुधा वायव्येकडून, आणि ते तुला पाठीमागून ढकलतात. उलट दिशेने येणाऱ्याला तोच वारा दुपारभर तोंडावर बसतो. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून सडा तापतो, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या उतारांवर रिम ब्रेक, म्हणजे चाकाची कड दाबणारे ब्रेक, धरत नाहीत.

आता तुझी सायकल. चकत्यांचे दाते पुढे 50-34 आणि मागे 11-28, असं लिहिलंयस. हे सामानासकट जांभ्याच्या चढांना जड आहे. 34 ला 28 वर मिनिटाला 60 पेडल मारलेस तर वेग ताशी 9 किलोमीटरच्या पुढे निघतो. दहा टक्के चढावर तो वेग टिकवणं तुला जमणार नाही, म्हणून पेडल मंदावतं, गुडघ्यावर भार येतो, आणि तिसऱ्या दिवशी गुडघा बोलतो. मागे सर्वांत मोठी चकती 34 दात्यांची असलेली कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बसव. तेवढ्याच पेडलांत वेग साडेसातवर येतो आणि चढ बसून काढता येतो. आधी डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) एवढी मोठी चकती घेतो का ते बघ. नसेल तर लांब पिंजऱ्याचा लागेल, आणि चेनही नवी, लांब. निघायच्या आदल्या दिवशी नको, पंधरा दिवस आधी.

टायर 25 चे काढ. 35 ते 38 मिलिमीटर, फ्रेममध्ये बसतील तेवढे रुंद, आणि हवा 50 ते 60 पीएसआय. वळणांच्या आतल्या बाजूला जांभ्याची तांबडी खडी साचलेली असते. कडक अरुंद टायर तिच्यावर सरळ घसरतो. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नकोस, रिम तापून ट्यूब फुटते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात, मग सोड, आणि वळणात ब्रेक नाहीच.

ट्यूब दोन, त्याही तुझ्या मापाच्या. गावातल्या दुकानात 26 आणि 28 इंची साध्या सायकलींच्या ट्यूब मिळतील, तुझ्या चाकाच्या मापाची, 700 सी, मिळणार नाही. रिमच्या भोकात बसत असतील तर जाड व्हॉल्व्हच्या घे, म्हणजे गाड्यांच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. पातळ व्हॉल्व्ह असेल तर अडॅप्टर पाकिटात. पंप, लिव्हर तीन, पॅच, चेन तोडायचं हत्यार आणि जोडकडी दोन, डिरेल्युअरचा हँगर (तो फ्रेमला जिथे बसतो ती पट्टी) एक. हँगर विसरतात सगळे. जेट्टीवर सायकल गाड्यांच्या मध्ये उजव्या अंगावर पडली की तो वाकतो, आणि तुझ्याच फ्रेमचा हँगर रत्नागिरी जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. म्हणून जेट्टीत सायकल डाव्या अंगाने कठड्याला टेकव आणि धरून उभा राहा. ओहोटीला रॅम्पचा खालचा भाग शेवाळलेला असतो. तिथे सायकल हातात धरून चाल, क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट असतील तर दुप्पट सावध. शेवटची फेरी कितीची, हे आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी विचार. वेळा बदलतात.

पुळणीवर सायकल घालू नकोस. फोटोसाठीही नको. ओल्या पुळणीवर चाक छान पळतं आणि खारट वाळू चेनमध्ये, हबमध्ये (चाकाच्या मध्यात), बॉटम ब्रॅकेटमध्ये (पेडलांच्या आसात) जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी करकर, चौथ्या दिवशी गंज. रोज संध्याकाळी बादलीभर गोड्या पाण्याने सायकल धू, पाण्याचा जोर बेअरिंगवर मारू नकोस, फडक्याने चेन कोरडी कर, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी वरचं पुसून टाक. पंधरा मिनिटांचं काम आहे.

सड्यावर दहा-पंधरा किलोमीटर दुकान नसतं. दोन बाटल्या भरून जेट्टी सोड, तासाला अर्धा ते पाऊण लिटर पी, दिवसाला एक ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात. कोकम सरबत मीठ घालून माग. जेवणाचं सकाळी फोनवर सांग; इथल्या घरी माणशी मोजून रांधतात, दोन वाजता दारात उभं राहून भात मिळत नाही.

तू विचारलंयस, मागून सामानाची गाडी ठेवू का. नको. लोक मला यावरून हट्टी म्हणतात, म्हणोत. गाडी मागे असली की थकल्यावर सायकल तिच्यात चढते, आणि मग जास्त खाड्यांचा दिवस आखायला माणूस कचरत नाही. हिशेबाची शिस्त तिथेच सुटते. सहा-सात किलो सामान मागच्या कॅरिअरवर, दोन पिशव्यांत, वजन दोन्हीकडे सारखं. पाठीवर काही नाही. एवढं तुला पेलतं, जर तू दिवस खाड्यांनी मोजलास तर.

हा किनारा आता बदलतो आहे. रेवस–रेड्डी सागरी महामार्गावर खाड्यांवर मोठे पूल आखलेत, काहींची कामं चालू आहेत. पूल झाले की गावकऱ्यांचा वेळ वाचेल, आजारी माणूस वेळेत दवाखान्यात पोचेल, आणि ते व्हायलाच हवं. पण गाड्यांचा वेगही वाढेल, आणि सायकलला आज जी निवांत बाजू मिळते ती तेव्हा मिळेलच असं नाही. हायवेने गोवा तू चाळिशीतही गाठशील. शेखाडीचा रिकामा रस्ता आत्ता आहे.

चिपळूणहून सायकल ब्रेक व्हॅनमधून (रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून) पाठवता येते, पण पार्सलचं काम आधी उरकावं लागतं. स्टेशनला आदल्या दिवशी फोन कर, कुठल्या गाडीत घेतात ते विचार, आणि गाडीच्या दोन तास आधी पोच. पेडल काढ, हँडल फिरवून फ्रेमला समांतर बांध, डिरेल्युअरवर पुठ्ठा गुंडाळ, सीटखाली नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी चिकटव. पिशव्या, दिवे, पंप आणि मीटर स्वतःजवळ ठेव. आणि कॅसेटचं काम या आठवड्यातच दुकानात टाक, त्याला वेळ लागतो.